चार की आठ

मेश्राम, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार कोणता आला, ते आधी सांगून टाकते. रडू नंतर आलं. पहिला विचार असा आला, की आता तो आकडा कोणता होता हे मला कोण सांगणार? तुमची लेक प्रज्ञा तिकडे हुंदके देत होती आणि मी इकडे आकड्यात अडकले होते. तुम्हाला याचं नवल वाटणार नाही. "लेले मॅडम दुधात पाणी नाही शोधत, पाण्यात दूध शोधतात," असं तुम्हीच प्रयोगशाळाभर सांगत फिरायचात.

संशय घेणं हे माझं कामच होतं हो. तुम्ही बनवायचात, मी तपासायची. तुमच्या टेबलावर ते काचेचं भांडं, त्यात तुम्ही पेप्टाइडच्या साखळ्या जोडत बसायचात. माझी आई एकदा प्रयोगशाळा बघायला आली होती, तिला तुम्ही किती छान समजावलं होतंत: "आजी, मण्यांची माळ आहे पाहा. वीस प्रकारचे मणी. क्रम बदलला का माळ बदलली. एका क्रमानं ओवली तं जखमेला सांगते, चल, भर आता. दुसऱ्या क्रमानं ओवली तं नुसतीच पांढरी पावडर." आई घरी येऊन म्हणाली, या मुलाला नीट बोलता येतं, तुमच्यापैकी बाकी कुणाला येत नाही. माझ्या आईनं असं कुणाचं कौतुक केलेलं मी फार वेळा ऐकलं नाही.

दिवसाला एक मणी, फार तर दोन. यंत्र आपल्याकडे नव्हतं, तुम्हीच ते यंत्र. पंधरा मण्यांची ती साखळी तुम्ही तीन वेळा फेकून दिलीत, कारण मधला एक मणी पूर्ण जोडला गेला नव्हता अशी तुम्हाला शंका होती. बघा, संशय तुम्हीही घ्यायचात. फक्त स्वतःचा.

मग माझं काम. पांढरे उंदीर, त्यांच्या पाठीवर एकसारखी छोटी गोल जखम. रोज औषध लावायचं, रोज जखमेवर पारदर्शक कागद धरून तिची कड पेनानं गिरवायची, आणि तो कागद आलेख-कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. जखम किती भरली ते चौकोन सांगतात. आठ पिंजरे, आठ बाटल्या. एका बाटलीत तुमची खरी साखळी, बाकीच्यांत कुठे नुसतं द्रावण, कुठे तेच मणी उलटसुलट क्रमानं ओवलेले. कुठल्या बाटलीत काय आहे हे मला कळता कामा नये, नाहीतर माझा हात नकळत खऱ्या बाटलीच्या बाजूनं चौकोन मोजेल. हा नियम मीच काढला होता, आणि काढताना तुमच्याकडे बघूनच काढला होता. बाटल्यांवर ऑफिसातून टाइप करून आणलेले नंबर. खरी बाटली कुठली, तो एकच आकडा तुम्ही चिठ्ठीवर लिहिलात, पाकिटात घातलात, आणि पाकीट मोहोरबंद होऊन संचालकांच्या कपाटात गेलं.

त्या दिवशी संचालकांच्या खोलीत कंपनीचे दोन पाहुणे बसले होते. बाजार नुकताच खुला झाला होता. ज्या लोकांनी आपल्या इमारतीकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं ते आता टाय लावून येत होते आणि आपल्याला त्यांच्यासाठी बशीतून काजू ठेवावे लागत होते. मी फळ्यावर आठही पिंजऱ्यांच्या रेघा काढल्या. चौथ्या पिंजऱ्याची रेघ बाकीच्यांपासून सुटून सरळ खाली गेली होती. त्या जखमा सगळ्यांच्या आधी भरल्या होत्या. तुम्ही खुर्चीच्या कडेवर बसला होतात. संचालकांनी पाकीट फोडलं, चिठ्ठी उलगडली आणि म्हणाले, "एट."

आठव्या पिंजऱ्यात काहीच विशेष झालं नव्हतं.

तुम्ही उठलात. "सर, तो चार आहे. मी मराठी चार लिहिला आहे."

त्या वाक्यापाशी मी आजही अधूनमधून जाऊन बसते. संचालक दक्षिणेतले, मराठी कामापुरतं. पाहुणे हसले. चिठ्ठीवर एक बारकासा आकडा, खाली गोल गाठ, वरची दोन टोकं जवळ आलेली, मिटली की नाही ते नीट कळत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला चार वाटावा, इंग्रजी शाळेत शिकलेल्याला आठ. आणि तुम्ही फळ्यावरची रेघ बघितल्यावर बोलला होतात. आधी नाही. संचालकांनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "लेले, तुम्हाला यांचं अक्षर माहीत आहे. तुम्ही सांगा."

मी म्हणाले, "सर, आठ वाटतोय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. काहीतरी राहिलं असेल, बाई आत्ता पुढे बोलेल, अशी वाट बघितल्यासारखं. मी चष्मा पुसत बसले.

नंतर बाहेरच्या खोलीत आपले मोठे बाबू पुटपुटले, "यांना काहीही करून पुढे यायचंच असतं." त्या 'यांना'मध्ये कोण कोण येतं हे मला कळत होतं, तुम्हालाही कळत होतं. मी ऐकलं नाही असं दाखवून हात धुवायला गेले. साबणानं दोनदा धुतले.

त्यानंतरचा आपला वाद तर तुम्हाला पाठच आहे. मी म्हणायची, तुमच्या नोंदवहीत पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे आकडे इंग्रजी, मग चिठ्ठीतच मराठी कसा उगवला? तुम्ही म्हणायचात, "नोंदवही साहेबांची, मॅडम. चिठ्ठी माझी." मी म्हणायची, हे उत्तर फार चांगलं आहे, म्हणूनच मला त्याचा संशय येतो. तुम्ही म्हणायचात, मग पुन्हा करू. पुन्हा साखळी ओवतो, तुम्ही पुन्हा पिंजरे लावा, या वेळी आकडा अक्षरात लिहितो. अर्ज तुम्ही भरून आणलात. उंदरांच्या मागणीवर माझी सही लागायची. मी केली नाही. "एकदा ज्याचा आकडा बदलला त्याचा पुन्हा बदलेल," असं मी म्हणाले, आणि ते वाक्य मला तेव्हा फार बाणेदार वाटलं होतं.

आता वाटतं, चार असता तरी साखळी कामाची आहे हे सिद्ध झालं नसतंच. एका पिंजऱ्यात सहा उंदीर, तेवढ्यावर कुणी औषध काढत नाही. म्हणजे पुन्हा करायलाच हवं होतं. चार असो नाहीतर आठ, शास्त्राचं उत्तर एकच होतं, पुन्हा करा. आणि ते उत्तर मी नाही, सगळ्यांत आधी तुम्ही दिलंत, ज्याच्यावर लबाडीचा आळ होता त्यानं. लबाड माणूस पुन्हा करू म्हणत नाही, हे चौकोन मोजणाऱ्या बाईला कळू नये?

कंपनीचे पाहुणे परत आले नाहीत. वर्षाच्या आत तुम्ही राजीनामा दिलात आणि कोथरूडला एका संगणकाच्या कंपनीत लागलात. औषधांच्या चाचण्यांची माहिती परदेशातून यायची, ती तुम्ही पडद्यावर तपासायचात. मी विचारलं, जमतंय का? तुम्ही म्हणालात, "उत्तम जमतंय. तिथं हाताचा आकडाच नाही, मॅडम. बोट दाबलं का आठ म्हणजे आठच." आणि हसलात. मी तेव्हा त्या हसण्यातही काहीतरी शोधलं होतं.

खरं आश्चर्य पुढेच आहे. तुम्ही माझ्याकडे येत राहिलात. आधी अधूनमधून, आणि प्रज्ञा मोठी झाल्यावर दर रविवारी. तिचा गणिताचा क्लास सदाशिव पेठेत, माझ्या इमारतीपासून चार घरं सोडून. रविवारी सकाळी तिला सोडायचं आणि दीड तास माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसायचं. चहा, पोहे, आणि वाद. मी दर रविवारी मनात म्हणायची, या माणसाचं मी वाटोळं केलं, मग हा येतो कशाला? सही मागायला? माझ्याकडून काहीतरी वदवून घ्यायला? संचालक गेले, प्रयोगशाळेत नवीन माणसं आली, सहीला काही किंमत उरली नाही, तरी तुम्ही येतच होतात. तुम्ही मला माझ्या आईच्या पायाच्या जखमेची पट्टी बदलायला शिकवलंत. ती मधुमेहाची जखम महिनोन्‌महिने भरत नव्हती. तुम्ही खाली बसून तिच्याकडे बघत म्हणालात, "आजी, माझी माळ असती तं आज लावून पाहिली असती." आई म्हणाली, "मग आण की." तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. एकदाही नाही. मला त्या न बघण्याचाही राग आला.

एकदा तरी भांडायचं होतंत, मेश्राम. एकदा तरी टेबलावर हात आपटून म्हणायचं होतंत, बाई, तुम्ही माझा घात केलात. मी लगेच उलटून बोलले असते, आणि बोलता बोलता कदाचित खरं निघालं असतं. तुम्ही पोह्यांवर लिंबू पिळत बसलात.

आणि दर दोन-तीन महिन्यांनी एक वाक्य. निघताना, दारात चपला घालताना, "मॅडम, कधी धायरीला या ना. सुषमा आठवण काढते. पत्ता लिहून देऊ का?" मी म्हणायची, नको, लांब पडतं. सिंहगड रस्त्याची गर्दी. गुडघे. तुम्ही मान हलवून जिन्यानं उतरायचात. बारा वर्षं तुम्ही विचारत होतात आणि बारा वर्षं मला लांब पडत होतं.

परवा आले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मंडप रस्त्यापर्यंत आला होता, फाटक आत उघडून भिंतीला टेकवलं होतं, ते कनातीआड झाकलं गेलं होतं, लोकांच्या चपलांतून वाट काढत मी आत गेले. भंतेजींचा पाठ चालला होता. तुमचा फोटो, पांढरी फुलं, मेणबत्त्या. सुषमावहिनींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ताई, आल्या तुम्ही. ते नेहमी म्हणायचे, मॅडम येतीन एक दिवस." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, अगदी खरं रडले.

आणि मग काय केलं ते ऐका. पाणी पिण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. भिंतीवर दिनदर्शिका होती, दुधाचा हिशेब तुमच्या अक्षरात. माझ्या पर्समध्ये ती चिठ्ठी होती. हो, ती चिठ्ठी मी त्याच दिवशी संचालकांच्या टेबलावरून उचलली होती, पुरावा म्हणून, आणि इतकी वर्षं शब्दकोशात ठेवली होती. भिक्षूंचा पाठ चालू असलेल्या घरात मी चष्मा लावून दिवंगत माणसाचे चार आणि आठ शोधत उभी होते. तुम्ही आठ काढताना दोन वेगळी वर्तुळं काढायचात, एकावर एक, लाडू ठेवल्यासारखी. चार सगळीकडे अक्षरात, 'चार'. आणि माझं मन, बघा कसं आहे, ताबडतोब म्हणालं, हे नंतरचं वळण आहे. त्या दिवसानंतर माणसानं अक्षर बदललं. यातून आधीचं काही सिद्ध होत नाही. मी पाणी प्यायले आणि पेला विसळून ठेवला.

कार्यक्रम संपला. लोक पांगले. मंडपवाल्यानं कनात सोडवली आणि कुणीतरी फाटक बंद केलं. मी पायरीवर चप्पल घालत होते. समोर फाटकाची बाहेरची बाजू नव्हती, आतली होती. पण तुम्ही आकडा दोन्ही बाजूंनी रंगवला होतात. हातभर उंच, काळ्या रंगात, वर दोन टोकं जवळ आलेली, मिटतील असं वाटायला लावणारी, आणि खाली गाठ. आता रंग उडत आला होता. मला पर्स उघडून चिठ्ठी काढायची गरज नव्हती, तरी काढली.

मेश्राम, आता मी जे सांगते ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी ते फक्त पहिल्यांदा माझ्या तोंडानं सांगते आहे.

प्रज्ञाचा पहिला वाढदिवस. धायरी तेव्हा निम्मं गावच होतं. तुम्ही नवीन घरात राहायला गेला होतात आणि मला कागदावर पत्ता लिहून दिला होतात. गल्लीच्या शेवटी, घर नंबर अमुक. मी थेट आठ नंबरच्या घरात शिरले. फ्रॉकचा खोका त्या बाईंच्या हातात दिला, खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, आणि म्हटलं, बाळ कुठाय? त्या म्हणाल्या, "बाळ? हितं कुठलं बाळ? मेश्रामांकडं आला आसाल. ते चार नंबरला हायेत, पल्याड." खोका परत मागून घेताना मला धरणी दुभंगावी असं झालं होतं. तुम्ही मला न्यायला आलात तेव्हा तुम्हाला हसू आवरत नव्हतं. "मॅडम, हा चार आहे ना बाप्पा! आमचे गुरुजी असाच शिकवत." पुढच्या खेपेला आले, तर फाटकावर हातभर आकडा. "आता तरी चुकू नका," तुम्ही म्हणालात. "आतूनही रंगवला आहे, जाताना पाठ करून जा."

हे चिठ्ठीच्या एक वर्ष आधी. चिठ्ठी माझ्यापुढे धरली तेव्हा मला आठवलं होतं. नंतर नाही, घरी गेल्यावर नाही, त्याच क्षणी. फ्रॉकचा खोका, ती बाई, हे फाटक, सगळं. आणि मी म्हणाले, आठ वाटतोय. 'वाटतोय' हा शब्द मी मुद्दाम निवडला, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर अंग काढून घेता यावं. का केलं? ती साखळी कंपनीनं घेतली असती तर मला तुमच्या हाताखाली काम करावं लागलं असतं. तुम्ही सात वर्षांनी धाकटे. हे एक कारण मी स्वतःला अधूनमधून कबूल करत असे, ते त्यातल्या त्यात बरं दिसतं. दुसरं कारण मोठ्या बाबूंच्या त्या 'यांना'मध्ये होतं. चिठ्ठी माझ्या आळीतल्या कुणा गोखल्यानं लिहिली असती, तर मी हसून म्हणाले असते, अहो सर, हा मराठी चार आहे, आमच्याकडे असाच काढतात. एवढंच म्हणायचं होतं.

तुम्ही सांगू शकला असता. त्या खोलीत एका वाक्यात, सर, यांना विचारा, या माझा चार वाचून शेजाऱ्यांकडे गेल्या होत्या. चला, फाटक दाखवतो. तुम्ही बोलला नाहीत. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी बोलावं म्हणून. आणि मग बारा वर्षं, पत्ता लिहून देऊ का. मला अजून संशय आहे, मेश्राम. तुम्ही मला सांभाळत होतात, की शिक्षा देत होतात? दर रविवारी येऊन समोर बसणं ही माफी होती की पहारा होता? तुम्ही असता तर म्हणाला असता, काय शोधून राहिल्या, मॅडम, पाण्यात दूध. मी तुमच्यावर एवढी वर्षं संशय घेतला, तो सगळा त्या एकाच जागी बोट जाऊ नये म्हणून घेतला. आणि तरी माझ्या घरात सर्वांत मोकळं मी तुमच्याशीच बोलत होते, हेही खरं आहे. रविवारी दहा वाजता मी अजून दोन कप काढते.

प्रज्ञा माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली. डोळे सुजले होते, तरी शहाण्या मुलीसारखं तिनं विचारलं, "काकू, पुन्हा याल ना? एकट्या येणार असाल तर पत्ता लिहून देऊ का?"

मी फाटकावरच्या आकड्याकडे बघितलं.

"नको गं," मी म्हणाले. आणि चिठ्ठी तिच्यापुढे धरली. "एक सांग. हा आकडा कोणता?"

तिनं मान वाकडीसुद्धा केली नाही. "चार. बाबांचा चार आहे हा." मग माझ्याकडे बघितलं, तुम्ही त्या खोलीत बघितलं होतंत तसं. "का हो, काकू?"

तो 'का' तुम्ही मला कधी विचारला नाहीत. मी पायरीवर परत गेले, चपला काढल्या, आणि तिला सांगायला आत जाऊन बसले.